तारखेचा रकाना

काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, ठाणे स्टेशनच्या पुलाच्या ओल्या पायऱ्या उतरताना माझा पाय मुरगळला आणि घोटा असा काही सुजला की चप्पल काढून हातात घ्यावी लागली. जवळच्याच एका एक्स-रे सेंटरमध्ये मी लंगडत पोहोचले. तिथला तंत्रज्ञ अगदी कोवळा, बहुधा नुकताच कामाला लागलेला मुलगा होता. त्याने माझा पाय प्लेटवर ठेवला, हलकेच वळवला, मशीन खाली ओढले आणि बटणाकडे जाता जाता, भिंतीकडे बघत, पाठ केलेल्या सुरात विचारले, “मॅडम, पाळी वगैरे चुकली आहे का?” मी सरळ सांगितले, “हो, चुकली आहे.” तो जागीच थांबला. “म्हणजे प्रेग्नंट आहात?” “बहुतेक नाही. माझी नेहमीच चुकते.” “म्हणजे नाही असं लिहू?” “तसंही सांगता येत नाही.” तो काही क्षण माझ्याकडे, मग माझ्या घोट्याकडे, मग हातातल्या कागदाकडे पाहत राहिला आणि शेवटी आतल्या खोलीत ‘सरां’ना विचारायला गेला. आतून आवाज आला, “अरे, पायाचाच आहे ना? शिशाचा एप्रन घाल आणि काढून टाक.” त्या जड एप्रनखाली मी निमूट बसले. हाड शाबूत निघाले, क्रेप बँडेज बांधून मी घरी आले, सूज आठवडाभरात उतरली. त्या मुलाचा गोंधळ मात्र माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही, कारण त्याने विचारलेल्या प्रश्नाची दोनच उत्तरे असतात, प्रत्येक बाईला त्यातले एक ठाऊक असते, आणि त्या काळात मूल व्हावे म्हणून दिवसरात्र झटणाऱ्या मला त्यातले एकही देता आले नव्हते.

स्त्रीच्या शरीराशी संबंधित कोणत्याही कागदावर ‘शेवटच्या पाळीची तारीख’ हा एक रकाना असतो. दवाखान्यात नाव, वय, वजन यांच्याबरोबर परिचारिका तो भरूनच पुढे जाते. माझ्या माहेरी, साताऱ्याला, हा रकाना स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयमध्ये होता. त्या चौकोनांत काय काय नसायचे! दुधाचे खाडे, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, कुणाचे श्राद्ध, कुणाच्या घरची वास्तुशांत. आणि या सगळ्यांच्या कोपऱ्यात आईची निळ्या शाईतली एक बारीक फुली. ती फुली दर महिन्याला दोन-तीन घरे मागे सरकत जायची, इतक्या शिस्तीत की पुढची कुठे पडणार हे मलाही सांगता आले असते. मी मोठी झाल्यावर आईने माझ्यासाठी लाल शाईचा ठिपका सुरू केला. जानेवारीच्या पानावर एक ठिपका पडला की तो थेट होळीच्या आसपास भेटे. मग आषाढीपर्यंत काहीच नाही. श्रावण संपत आला की घरातल्या बायका गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणत, आणि त्याच औषधांच्या दुकानातून, कधी कधी त्याच पिशवीतून, माझ्यासाठी पाळी आणण्याच्या गोळ्या येत. काकू हसून म्हणायची, “आमची थोडी हिला द्या.” मीही हसायचे. ते दिवस खरोखर वाईट नव्हते. मैत्रिणी कळवळून पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसत तेव्हा आपली यातून सुटका झाली आहे, असे मला मनापासून वाटे.

बारावीच्या वर्षी आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तोवर चेहऱ्यावर मुरुमांचे थर होते, हनुवटीखाली राठ केस येऊ लागले होते आणि मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखी जाड रेघ दिसू लागली होती. ती रेघ मळाची आहे, अशी घरात सगळ्यांची खात्री होती. आजी रविवारी डाळीचे पीठ आणि दही लावून माझी मान इतकी घासायची की आग व्हायची. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, प्रेमळ होत्या, त्यांनी पोटावरून सोनोग्राफी करून घेतली, ‘पीसीओडी, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, आहे’ असे सांगितले, एकवीस दिवसांच्या गोळ्यांचे पाकीट लिहून दिले आणि आईकडे वळून धीर दिला, “काळजी करू नका हो, लग्न झालं की सगळं आपोआप नीट होतं. मूल मात्र लवकर होऊ द्या.” मी तेव्हा सतरा वर्षांची होते. समोरच्या खुर्चीत बसलेल्या मुलीचा आजार, तिच्या अजून न ठरलेल्या नवऱ्याच्या आणि न झालेल्या मुलाच्या हवाली करून आम्ही तिघी मोकळ्या झालो.

मानेवरच्या त्या काळ्या रेघेकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

ती रेघ काय सांगत होती हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी समजले. शरीरातल्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करते. रक्तात वाढलेले हे इन्शुलिन त्वचेवर अशी छाया उमटवते आणि बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. दर महिन्याला बीजांडकोशात अनेक बीजपुटे वाढू लागतात, त्यातले एक पुढे जाते, पिकते आणि फुटून बीज बाहेर टाकते. बाकीची विरून जातात. आमच्यासारख्यांच्या बाबतीत पुढे कुणीच जात नाही. सगळी बीजपुटे दोन ते नऊ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी अडून बीजांडकोशाच्या कडेने ओळीत बसून राहतात. सोनोग्राफीतल्या या चित्राला डॉक्टर मंडळी मोत्यांची माळ म्हणतात; आजार कितीही तापदायक असला तरी त्याला दागिन्याचे नाव देण्याची हौस कुणाला झाली असेल, असे मला नेहमी वाटते. बीज फुटत नाही म्हणून पाळी येत नाही, आणि बीज फुटत नाही म्हणून मूलही राहत नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. बीजांडकोशाची एक पाचर कापून काढली की पाळी परत येते, असा अनुभव त्यांना आला होता आणि पुढची कित्येक वर्षे ते ऑपरेशन चालत राहिले. त्या सात जणींची नावे कुठे नाहीत. पोटाची चिरफाड करून घ्यायला त्या तयार झाल्या त्या कशासाठी, पाळीसाठी, मुलासाठी की घरच्यांच्या तोंडासाठी, हे मात्र मला न विचारताही कळल्यासारखे वाटते.

‘वजन कमी करा’ हा सल्ला मला मिळाला तेवढा दुसरा कुठलाच मिळाला नाही, आणि तो चुकीचा होता असेही म्हणता येत नाही; जाड बाईचे वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरले तरी अनेकदा बीज आपसूक फुटू लागते. माझी तक्रार त्या सल्ल्याच्या सुराबद्दल आहे. तो असा दिला जाई की जणू चकल्या आणि आळस यांतूनच हा आजार जन्माला आला आहे. मुंबईतल्या तरुण मुलींची पाहणी करून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निदानाचे रॉटरडॅम नावाचे नेहमीचे निकष लावले तर २२.५ टक्के मुलींमध्ये हा आजार सापडला, अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के, आणि आजार सापडलेल्यांपैकी जवळजवळ ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. माझी एक सडसडीत मैत्रीण आहे, तिला हेच दुखणे. तिला पाहून डॉक्टर आधी विश्वासच ठेवत नसत. मला पाहून ते पुढे काही तपासत नसत. आम्ही दोघी एकदा रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात यावर खूप हसलो होतो.

लग्नानंतर त्या रिकाम्या चौकोनांचा अर्थच पालटला. आपल्याकडे बाईची पाळी लांबली की घरातल्या मोठ्या बायकांच्या नजरा मऊ होतात, जड बादली कुणी उचलू देत नाही, आंबट काही हवे का अशी चौकशी होते. माझ्या सासूबाई मोजून मापून बोलणाऱ्या; त्यांनी कधी काही विचारले नाही, पण न्हाणीघरातल्या कपड्यांवरून त्यांना माझे दिवस कळत असावेत. एकदा बरेच दिवस लोटल्यावर त्यांनी ताटात पपईची फोड वाढली नाही. सगळ्यांना वाढली, मला नाही. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि खरे सांगायचे तर त्यात दुःखापेक्षा आशाच अधिक होती. माझे दिवस चुकतात हे आजाराचे लक्षण आहे, हे मला बारावीपासून तोंडपाठ होते. पण तेच दिवस चुकणे जगातल्या बाकी सर्व बायकांसाठी गोड बातमीचे पहिले लक्षण असते, आणि या वेळी आपल्यालाही ते लागू असेल, असे दर वेळी वाटल्याशिवाय राहत नसे. आजार आणि आशा दोन्ही एकाच वेषात दारात येत. पहाटे उठून, न्हाणीघराचा दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात मी त्या पांढऱ्या पट्टीवर थेंब टाकायची. एक रेघ यायची. मग पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसच्या पर्समध्ये, आणि ती स्टेशनबाहेरच्या कचराकुंडीत. घरच्या केराच्या डब्यात टाकण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

बीज कधी फुटणार हे घरच्या घरी सांगणारी दुसरी एक पट्टी मिळते. मैत्रिणीने मोठ्या विश्वासाने ती आणून दिली. लघवीतल्या ज्या संप्रेरकाची उसळी ही पट्टी टिपते ते आमच्यापैकी पुष्कळ जणींच्या शरीरात एरवीही चढलेलेच असते, त्यामुळे ती पट्टी मला आज, उद्या, परवा अशी रोज खुशखबर देत राहिली. नवरा बिचारा दोन दिवस लवकर घरी आला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीतल्या एक आजी माझी ओटी भरत. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. ओंजळ पदरात रिकामी करताना त्या माझ्या कानाशी तोंड आणून पुटपुटत, “पुढच्या संक्रांतीला बोरन्हाणाला बोलव हो मला.” आधुनिक स्त्रीने या वाक्यावर चिडायला हवे, हे मला समजत होते. त्याच दिवशी ऑफिसात कुणी ‘काय, प्लॅनिंग वगैरे?’ असे विचारले होते तेव्हा मी रीतसर चिडलेही होते. पण आजींचे ते पुटपुटणे मला हवेसे वाटे. त्यांच्या हाताला हळदीचा आणि तिळाचा वास असे, नारळ पदरात पडताना त्याचे ओझे पोटाशी जाणवे, आणि निदान एका माणसाने माझी इच्छा माझ्या वतीने मोठ्याने उच्चारली, याचे बरे वाटे. मी स्वतः ती कधी उच्चारली नव्हती, नवऱ्याजवळसुद्धा नाही. आम्ही ‘रिपोर्ट’, ‘गोळ्या’, ‘अपॉइंटमेंट’ असेच बोलत असू.

पुढे रीतसर उपचार सुरू झाले. पाळी गोळ्यांनी आणायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस बीज वाढवण्याची गोळी घ्यायची आणि मग एक-दोन दिवसांआड सोनोग्राफीला जाऊन बीजपूट किती वाढले ते मोजायचे. या मोजदादीला सगळ्या ‘फॉलिक्युलर स्टडी’ म्हणतात आणि ती आतून केली जाते. सकाळी ऑफिसआधी सोनोग्राफी सेंटरवर गर्दी असे आणि त्या गर्दीचे दोन तट सहज ओळखू येत. ज्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि चेहऱ्यावर तगमग, त्या गरोदर. त्यांना लघवी तुंबवून पोटावरून तपासायचे असे. आम्ही मात्र स्वच्छतागृहात जाऊन मोकळ्या होऊन बसलेल्या. समोर भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी : ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ या कायद्याची वाट महाराष्ट्राने १९८८ साली सर्वांआधी धरली, देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि तो का करावा लागला हे आठवले की आजही मान खाली जाते. पण त्या बाकड्यावर बसून ती पाटी वाचताना माझ्या मनात काही भलतेच येई. मुलगा की मुलगी, हा प्रश्न पडण्याइतके भाग्य ज्यांना लाभले आहे त्यांच्यासाठी ही पाटी. आमच्यासाठी भिंतीवर काहीच लिहिलेले नाही.

आत एअर कंडिशनर बोचरा असायचा. कागदी चादर, थंडगार जेल, “सैल सोडा, ताई, सैल सोडा.” डॉक्टर पडद्याकडे पाहत आकडे उच्चारत आणि कोपऱ्यातली मुलगी ते टाइप करी. “राइट ओव्हरी, मल्टिपल स्मॉल. लेफ्ट, टेन बाय नाइन. एन्डोमेट्रियम सिक्स.” अठरा-वीस मिलिमीटरपर्यंत एखादे पोहोचले की फुटण्याचे इंजेक्शन द्यायचे आणि साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडेल असे धरून चालायचे, हे गणित आम्हा सगळ्यांना पाठ झाले होते. बाकड्यावर शेजारी बसलेली अनोळखी बाई नाव न विचारता विचारी, “तुमचं किती झालं?” मी म्हणे, “अकरा. तुमचं?” “सोळा.” मग मला तिचा हेवा वाटे आणि तिला माझी कीव येत असावी. एकदा कळव्याहून येणारी एक बाई तपासून बाहेर आली ती चेहरा लपवतच. तिचे बीजपूट चांगले वाढले होते, पण न फुटता तसेच राहिले होते. तिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, मला दिला, स्वतः खाल्ला आणि म्हणाली, “उपाशी आले होते सकाळपासून, म्हटलं देव पावेल.”

त्या पाच दिवसांच्या गोळीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लेट्रोझोल हे मुळात, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. चिठ्ठी दिल्यावर औषधवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा चिठ्ठीकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, “घरात कुणासाठी?” घरी येऊन मी आतला बारीक अक्षरांचा कागद वाचला आणि हातपाय गार पडले. या गोळीने शरीरातले इस्ट्रोजेन काही दिवस खाली जाते, मेंदूला वाटते की बीजांडकोश काम करत नाही, आणि तो अधिक जोराने हुकूम सोडतो. त्या जोरावर एखादे बीजपूट वाढीला लागते. युक्ती साधी आहे. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या केंद्र सरकारने मूल होण्यासाठी हे औषध वापरण्यावर बंदी घातली. पुढे अमेरिकेत ७५० स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१४ साली निष्कर्ष आला : क्लोमिफेन या बीज वाढवण्याच्या जुन्या गोळीने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, लेट्रोझोलने २७.५ टक्के. आपल्याकडची बंदी उठायला २०१७ साल उजाडावे लागले. आज जगभरची मार्गदर्शक तत्त्वे या आजारात हीच गोळी आधी द्यायला सांगतात. मधल्या काळात ज्यांची तिशी उलटत होती, त्यांनी काय केले असेल, याचा विचार मी अजूनही करते. आणि दुसरेही एक मनात येते. २७.५ हा विजयाचा आकडा. म्हणजे चांगले औषध घेऊनही दर चौघींतल्या जवळजवळ तिघी त्या चाचणीच्या मुदतीत रिकाम्या हातांनीच परतल्या. बाकड्यावर बसल्या बसल्या मी शेजारच्या तीन डोक्यांकडे पाहून हा हिशेब केला होता, आणि त्या तिघींत मी नसावे अशी इच्छाही केली होती.

त्या दिवसांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फोलिक अ‍ॅसिडच्या खाली, त्याच अक्षरात, त्याच शाईत लिहिलेले असे : ‘दि. १४, १६, १८ – संबंध.’ ती चिठ्ठी फ्रिजवर लावता येत नाही. दोन खोल्यांचे घर, बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा पलंग, नवऱ्याची आठवड्यातून काही दिवस रात्रपाळी. त्याने सहकाऱ्याला गळ घालून पाळ्या बदलून घ्याव्यात आणि कारण विचारल्यावर ‘घरी पाहुणे आहेत’ असे सांगावे. हौसेचे रूपांतर हजेरीत व्हायला फार दिवस लागत नाहीत. आम्ही दोघेही सभ्य माणसे, त्यामुळे भांडलो नाही. फक्त अशा रात्री एकमेकांशी फार नम्रपणे बोलू लागलो. त्याच्या वीर्याची तपासणी करायला सांगितली तेव्हा तो एकटा गेला, अहवाल टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला उठला. अहवाल चांगला होता. तो वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटले, म्हणजे दोष सगळा माझ्याच बाजूला.

इंजेक्शने घ्यायची की थेट टेस्ट ट्यूबकडे वळायचे, अशी चर्चा सुरू झाली होती. आमच्या वाटेवर तेही सोपे नसते. एरवी हट्ट धरून बसलेली सगळी बीजपुटे इंजेक्शनाने एकदम उठतात, बीजांडकोश फुगतो, पोटात पाणी होते, कधी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले तेव्हा आमच्या घरी सगळे कौतुकाने ती बातमी वाचत होते, असे आई सांगते. महापालिकेच्या रुग्णालयात ते घडले, याचे मला आज अधिक नवल वाटते. कारण आम्ही चौकशी केली तेव्हा समोर आलेले खर्चाचे आकडे ऐकून नवऱ्याने परतीच्या रिक्षात एक शब्दही काढला नव्हता.

तशी वेळ आली नाही. गोळीचा डोस वाढवला, सोबत मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी होतीच, वजन थोडे उतरले होते, आणि या सगळ्यांतले नेमके कशाने काम केले हे कुणीच सांगू शकत नाही. एका पहाटे पट्टीवर दुसरी रेघ आली, इतकी फिकट की मी ती खिडकीशी नेऊन पाहिली, मग नवऱ्याला उठवून त्याला पाहायला लावली, आणि तो म्हणाला, “मला तर दिसतेय.” आनंदाचे म्हणाल तर तो नंतर आला. त्या दिवशी अविश्वासच होता. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे शेवटच्या पाळीची तारीख विचारली, आणि ती या वेळी मला पाठ होती. गोळ्यांनी आणलेली, वेळापत्रकात बसवलेली तारीख. एरवी आमच्या तारखांवरून नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब जुळत नाही, कारण तो २८ दिवसांनी नेमाने येणाऱ्या पाळीवर बेतलेला आहे. म्हणून पहिल्या तिमाहीत गर्भाची लांबी मोजून दिवस ठरवतात. माझ्याच शेजारी बसलेल्या एका मुलीच्या फाइलवर डॉक्टरांनी पाळीची तारीख खोडून सोनोग्राफीची तारीख लिहिली होती आणि ती बिचारी घाबरून विचारत होती, “म्हणजे बाळ लहान आहे का?”

त्या नऊ महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. डोहाळजेवणात सगळ्या गोडाचा आग्रह करत होत्या आणि मी जिलबी ताटाखाली सरकवत होते, कारण ७५ ग्रॅम ग्लुकोजचे ते मळमळते पाणी प्यायल्यावर दोन तासांनी माझी साखर १४० च्या वर गेली होती. आमच्यासारख्यांना गरोदरपणातला मधुमेह अधिक गाठतो. बारावीत मानेवर जी रेघ होती, तिनेच ही आगाऊ सूचना दिली होती. मुलगी झाली. सोसायटीतल्या आजी बोरन्हाणाला आल्या, चुरमुऱ्यांत बोरे कमी घातली म्हणून रागावल्या आणि स्वतःच्या हाताने आणखी घातली.

त्यानंतर सगळ्यांनी ठरवून टाकले की मी बरी झाले. “झालं ना मूल, गेलं ते पीसीओडी,” असे म्हणणाऱ्यांत शिकलेली माणसेही आहेत. ते गेलेले नाही. पाळी पुन्हा पूर्वीसारखी लांबते, आणि आता ती आणण्याच्या गोळ्यांची आठवण कुणी करून देत नाही, कारण आता त्या पाळीकडून कुणाला काही नको आहे. मला मात्र हवे आहे. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका संभवतो. साखर दर एक ते तीन वर्षांनी तपासावी लागते. रक्तदाबावर, कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवावे लागते. मुलासाठी मी इतक्या सकाळी त्या बाकड्यावर बसले, पण स्वतःच्या साखरेसाठी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचे म्हटले की मी आजही दोनदा पुढे ढकलते.

गेल्या महिन्यात नणंदबाई नाशिकहून आल्या होत्या, सोबत अकरावीतली भाची. पोर सोफ्याच्या टोकाला मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली होती आणि ताईंनी पिशवीतून सोनोग्राफीची फिल्म काढली. “वहिनी, हिलाही तुझ्यासारखंच निघालंय बघ. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही घाई नाही, लग्नाच्या वेळी बघू. पण मूल होईल ना ग हिला?” मी फिल्म बाजूला ठेवली. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत मुलींच्या निदानासाठी सोनोग्राफी करूच नये, असे आता सांगतात, कारण त्या वयात बीजांडकोश बऱ्याच जणींचे तसेच दिसतात. रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत का, साखर पाहिली आहे का, असे मी विचारू लागले. ताई सगळे लिहून घेत होत्या. त्यांना मी सांगितले की होईल, बहुतेकींना होते, कधी आपोआप, कधी थोड्या उपचाराने; आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. पोरीने मान वर केली नाही.

रात्री ताटे पुसायला ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ एकच ताट पुसत राहिली. मग हनुवटीवर मनगट घासत म्हणाली, “मामी, हे केस जातील का?”

मला जे माहीत होते ते मी तिला सांगितले. गोळ्यांनी नवे केस येणे मंदावते, पण फरक दिसायला सहा महिने तरी जातात; लेझरने बरेच कमी होतात, पण ते अनेकदा करावे लागते आणि महाग असते; तोवर थ्रेडिंग केले तर केस जाड होतात, हे खोटे आहे. तिने ताट ठेवले आणि बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे गॅदरिंगपर्यंत नाही होणार,” ती म्हणाली. “ते डिसेंबरात आहे. मग थ्रेडिंगच करते. तू येशील का पार्लरला? आईबरोबर नको.”